टाइमशेअरची किंमत आणि टाइमशेअरचे देणे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सुट्यांचा मोसम जवळ आला की आपल्या दैनिकात टाइमशेअर सभासदत्वाच्या पानभर जाहिराती येऊ लागतात. वर डोंगर किंवा समुद्र, मध्ये हसरे कुटुंब आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक आकडा असतो. त्या आकड्याच्या डोक्यावर एक छोटे तारांकन असते आणि त्याचा खुलासा पानाच्या अगदी तळाशी, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत छापलेला असतो. मी आयुष्यभर लेखापरीक्षणाचे काम केल्यामुळे माझी नजर सवयीने आधी तळाशी जाते. तरीही या विषयावर आपल्याला पत्र लिहावे असे मला गेल्या वर्षीपर्यंत वाटले नव्हते.

गेल्या वर्षी माझे थोरले बंधू वारले. त्यांच्या कपाटात एका टाइमशेअर कराराची आणि सतरा वर्षांच्या पावत्यांची फाइल निघाली. पुतण्याने ती माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "आत्या, हे आता आम्ही भरत राहायचं का?" या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला जे वाचावे लागले आणि जे हिशेब मांडावे लागले, ते सही करण्यापूर्वी कोणाच्या तरी हाती पडावेत, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

टाइमशेअर म्हणजे सुट्टीच्या ठिकाणच्या एखाद्या निवासाचा वर्षातील काही काळापुरता, बहुधा एका आठवड्यापुरता, विकत घेतलेला वापराचा हक्क होय. काही करारांत मालमत्तेतील अंशतः मालकी मिळते, काहींत ठरावीक वर्षांपुरता केवळ वापराचा हक्क मिळतो. आठवडा ठरलेला असू शकतो किंवा दर वर्षी उपलब्धतेनुसार मागून घ्यावा लागतो, आणि अलीकडे बहुतेक ठिकाणी आठवड्याऐवजी पॉइंट्स, म्हणजे मुक्कामासाठी खर्च करायचे गुण, देतात. ही कल्पना नवी नाही. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही कंपनी याच तत्त्वावर सुरू झाली. त्याच दशकात फ्रेंच आल्प्समधील एका स्कीइंगच्या ठिकाणी, खोली भाड्याने घेण्यापेक्षा हॉटेलच विकत घेणे स्वस्त पडते, अशा आशयाची जाहिरात करून हा व्यवहार लोकांपुढे मांडला गेला. आज साठ वर्षांनंतरही विक्रेत्याचा युक्तिवाद तोच आहे. तो खोटाच आहे असे मी म्हणत नाही, पण हिशेबाने पडताळून पाहता येण्याजोगा तो नक्कीच आहे.

या पडताळणीत पहिली अडचण अशी, की खरेदीची किंमत ही या व्यवहारातील सर्वांत मोठी रक्कम नसतेच. खरा भार वार्षिक देखभाल शुल्काचा असतो. हे शुल्क आपण गेलो तरी द्यावे लागते आणि न गेलो तरी द्यावे लागते. घरात आजारपण असो, नोकरी गेलेली असो किंवा विमाने बंद असोत, मागणीपत्र यायचे थांबत नाही. शिवाय ते वाढत जाते आणि किती वाढेल याला अनेक करारांत कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नसते.

चलन कोणतेही असो, हिशेब समजावा म्हणून खरेदीची किंमत १०० भाग धरू आणि पहिल्या वर्षीचे शुल्क ५ भाग धरू. शुल्क दर वर्षी ७ टक्क्यांनी वाढले तर साधारण दहा वर्षांत ते दुप्पट होते आणि पंचविसाव्या वर्षी २५ भागांवर जाते, म्हणजे त्या एका वर्षीचे शुल्कच मूळ किमतीच्या पाव हिश्श्याएवढे होते. पंचवीस वर्षांत भरलेल्या शुल्काची बेरीज ३१६ भाग येते. थोडक्यात, ज्या वस्तूची किंमत १०० सांगितली गेली तिच्यासाठी आपण ४१६ देतो, आणि विक्रीच्या टेबलावर चर्चा मात्र पहिल्या शंभरात दहाची सूट मिळेल की पंधराची, एवढ्यावरच चाललेली असते.

यावर कोणी म्हणेल की पंचवीस वर्षांनंतरचा पैसा आणि आजचा पैसा यांची बेरीज करणे योग्य नाही. आक्षेप रास्त आहे, म्हणून तो हिशेबही मांडते. आपली शिल्लक ज्या दराने वाढते त्याच दराने शुल्कही वाढते असे मानले, तर प्रत्येक वर्षीच्या शुल्काचे आजचे मोल ५ भागच राहते. पंचवीस वर्षांचे १२५ आणि किमतीचे १०० मिळून २२५ भाग झाले. त्यांना पंचवीस आठवड्यांनी भागले तर एका आठवड्याला ९ भाग पडतात. खोल्यांची भाडीही त्याच गतीने वाढतील असे धरल्यास कसोटी सोपी होते: तशाच खोलीचे आठवड्याचे आजचे भाडे जर खरेदी किमतीच्या ९ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर एकही वर्ष न चुकवता गेलात तरी भाड्याने राहणेच स्वस्त पडते. पंचवीसपैकी सतराच वर्षे जाणे झाले तर हीच कसोटी १३ टक्क्यांवर पोहोचते, कारण भाडेकरूला न गेलेल्या वर्षाचे काहीच द्यावे लागत नाही. विक्रेत्याच्या तक्त्यात हॉटेलचे भाडे दर वर्षी वाढताना दाखवतात आणि शुल्क मात्र आजच्या आकड्यावर गोठवलेले असते. त्या तक्त्यातील दोन्ही रकाने एकाच दराने वाढवून पाहावेत, बाकी काही करावे लागत नाही.

माझ्या बंधूंच्या फाइलमधील प्रमाण जवळजवळ असेच होते. सतरा वर्षांत त्यांनी किमतीच्या दीडपट शुल्क भरले आणि शेवटच्या वर्षीचे शुल्क पहिल्या वर्षीच्या तिपटीला टेकले होते. या काळात ते आणि वहिनी नऊ वेळा जाऊन आले. त्यांनी घेतलेला आठवडा कमी गर्दीच्या मोसमातला होता, कारण तो स्वस्त मिळाला. पुढे नातवंडांना घेऊन जायचे ठरले तेव्हा लक्षात आले की त्या आठवड्यात शाळांना कधीच सुट्टी नसते. एका मुक्कामाला किमतीच्या २८ टक्के खर्च पडला. मी सहज त्याच रिसॉर्टची तीच खोली त्याच मोसमात बाहेरच्या माणसाला केवढ्याला मिळते ते पाहिले. आठवड्याचे भाडे आणि बंधूंचे शेवटचे वार्षिक शुल्क यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे आधी भरलेली संपूर्ण किंमत कशासाठी होती, हा प्रश्न माझ्यापुरता तरी अनुत्तरित आहे.

शुल्क वाढते ते केवळ महागाईने, असेही नाही. त्यात साफसफाई, वीज, विमा, कर, दुरुस्तीचा राखीव निधी आणि व्यवस्थापनाचा मोबदला असतो. काही ठिकाणी हा मोबदला एकूण खर्चाच्या ठरावीक टक्क्यांनी ठरतो, त्यामुळे खर्च वाढला की व्यवस्थापकाची कमाईही वाढते आणि काटकसर करण्याचे त्याला काही कारण उरत नाही. दुसरे असे, की जे सभासद शुल्क भरणे सोडून देतात त्यांचा वाटा हवेत विरून जात नाही. तो उरलेल्यांच्या शुल्कात येऊन बसतो. इमारत जुनी होते, सभासद वयस्क होतात, थकबाकीदार वाढतात आणि नियमाने भरणाऱ्यांवरचा बोजा अधिक जड होत जातो. त्यातच वादळाने छप्पर उडाले किंवा उद्वाहक बदलायचे ठरले आणि राखीव निधी पुरेसा नसला, तर विशेष आकारणी म्हणून वेगळी रक्कम मागितली जाते. ती देणेही कराराने बंधनकारक असते. म्हणून राखीव निधीत किती रक्कम आहे आणि गेल्या दहा वर्षांत शुल्क किती होते, हे दोन आकडे खोलीतल्या गालिच्यापेक्षा महत्त्वाचे आहेत. ते मागितले की विक्रेता विषय बदलतो, असा माझा एका सादरीकरणातील अनुभव आहे. दीड तासाचे म्हणून सांगितलेले ते सादरीकरण चार तास चालले. तीन वेगवेगळ्या गृहस्थांनी, प्रत्येकाने आधीच्यापेक्षा कमी, असा तीन वेळा भाव सांगितला, पण मागील वर्षांच्या शुल्काचा कागद काही निघाला नाही.

त्या खोलीविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. तिथे पाहुणचार होतो, भेटवस्तू मिळते, एखादा फुकट मुक्कामही मिळतो, आणि इतके घेतल्यावर नाही म्हणायला जीभ वळत नाही. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्याकडे उगाच म्हटलेले नाही. भेटवस्तूचा, फुकट मुक्कामाचा आणि विक्रेत्यांच्या कमिशनचा खर्च शेवटी सही करणाऱ्याच्या किमतीतूनच वसूल होतो. एका खोलीचे वर्षाचे पन्नास आठवडे १०० भागांनी विकले तर त्या एका खोलीचे ५,००० भाग होतात. मग तो खर्च विक्रेत्याला का परवडतो, हे वेगळे सांगण्याची गरज राहत नाही.

"एकाच ठिकाणी जाऊन कंटाळा येईल" या शंकेवर अदलाबदलीचे उत्तर तयार असते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय कंपन्या आहेत. आरसीआय १९७४ पासून आणि इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ पासून हे काम करते. सोय खरी आहे, पण फुकट नाही. अशा कंपनीचे वेगळे वार्षिक सभासदत्व लागते, प्रत्येक अदलाबदलीला वेगळे शुल्क पडते आणि आपल्याऐवजी नातेवाइकांना पाठवायचे म्हटले तर अनेकदा त्याचेही काही द्यावे लागते. शिवाय आपल्या आठवड्याच्या मोबदल्यात काय मिळेल हे ठिकाण, मोसम, खोलीचा आकार आणि आपण तो किती आधी जमा केला, यावर ठरते. अनेक पद्धतींत मोसमांना रंग दिलेले असतात आणि लाल म्हणजे सर्वाधिक मागणीचा काळ. कमी मागणीच्या रंगाचा आठवडा देऊन लाल रंगाचा आठवडा मिळेल, ही आशा बहुतेक वेळा आशाच राहते. प्रवासखर्च तर यात कुठेच धरलेला नसतो.

पॉइंट्सच्या पद्धतीत लवचीकता अधिक आहे हे मान्य केले पाहिजे. दोन रात्री इथे, चार रात्री तिथे असे करता येते, आणि यंदाचे पॉइंट्स पुढील वर्षी नेता येतात. मात्र पॉइंट हे असे नाणे आहे की ते पाडणाराच त्याचे मोल ठरवतो. आज एका आठवड्याला जेवढे पॉइंट्स लागतात तेवढेच दहा वर्षांनंतरही लागतील याची हमी करारात लेखी आहे का, हे पाहावे. नसेल तर पुढे कधीतरी "आपले पॉइंट्स कमी पडतात, थोडे अधिक घ्या" असा फोन येतो आणि जुन्या सभासदाला तोच माल दुसऱ्यांदा विकला जातो. आगाऊ आरक्षणाच्या नियमांचेही तसेच आहे. मागणीच्या तारखांसाठी दहा-बारा महिने आधी ठरवावे लागते, आणि ज्यांची रजा महिनाभर आधी मंजूर होते अशा नोकरदारांना ही अट जाहिरातीतील चित्राइतकी सुखद वाटत नाही.

कर्ज काढून टाइमशेअर घेणाऱ्यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यात फारसे समजावण्यासारखे नाही. विक्रेता जागेवरच कर्ज देतो आणि त्याचा दर बहुधा चढा असतो. वर्षाला १५ टक्के दराने पाच वर्षांच्या मासिक हप्त्यांत १०० भाग फेडले तर १४३ भाग जातात. घराच्या कर्जात निदान घर उभे असते. इथे हप्ते संपण्याच्या आत वस्तूची बाजारातील किंमत जवळजवळ संपलेली असते.

ही अतिशयोक्ती वाटेल, म्हणून पुनर्विक्रीचे सांगते. ईबेसारख्या संकेतस्थळावर एका डॉलरला टाइमशेअर देऊ करणारे लोक वर्षानुवर्षे दिसत आले आहेत. ते दानशूर नसतात. पुढील शुल्कातून सुटका व्हावी एवढीच त्यांची इच्छा असते. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशात टाइमशेअर हा गुंतवणूक म्हणून विकण्यास किंवा तशी जाहिरात करण्यास स्पष्ट मनाई केली आहे, ती विनाकारण नाही. बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या अगतिकतेवर जगणारी एक वेगळीच जमात तयार झाली आहे. "तुमच्या टाइमशेअरला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त कर आणि हस्तांतराची रक्कम आधी भरा" असा फोन येतो, पैसे गेले की गिऱ्हाईक नाहीसे होते. मेक्सिकोतील टाइमशेअरच्या मालकांना अशा प्रकारे लुबाडल्याच्या प्रकरणांत २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकन नागरिकांनी मिळून जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याची नोंद अमेरिकेच्या तपासयंत्रणांनी २०२४ मध्ये जाहीर केली, आणि त्यामागे अमली पदार्थांची संघटित टोळी असल्याचेही सांगितले. आगाऊ पैसे मागणारा सुटका करणारा नसतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ नुकसान टळेल.

एकतर्फी होऊ नये म्हणून हेही नमूद करते की हा व्यवहार सोयीचा ठरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. दर वर्षी ठरलेल्या काळात ठरलेल्या ठिकाणी जाणारी, स्वयंपाकघरासह मोठी जागा लागणारी, रोख पैसे असणारी आणि मुख्य म्हणजे पहिल्या हाताने न घेता जुन्या सभासदाकडून अल्प किमतीत घेणारी ती माणसे आहेत. त्यांच्या हिशेबात १०० भागांच्या जागी दोन-चार भाग येतात आणि उरते ते केवळ शुल्क. अशा खरेदीतही हस्तांतराचा खर्च कोणाचा, मागील थकबाकी आहे का आणि मूळ सभासदाच्या सर्व सवलती नव्या धारकाला मिळतात का, हे आधी लेखी विचारावे लागते, कारण काही सवलती हस्तांतरात गळून पडतात.

सही झाल्यावर मन बदलले तर काय, याबाबत ठिकठिकाणचे कायदे वेगळे आहेत. युरोपीय संघात चौदा दिवसांत कारण न देता करार रद्द करता येतो आणि त्या मुदतीत विक्रेत्याने आगाऊ रक्कम घेणेही निषिद्ध आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ही मुदत दहा दिवसांची आहे. आपला करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली येतो आणि त्यात रद्द करण्याची मुदत किती आहे, हे सही करण्यापूर्वीच पाहावे, कारण पुढचे दिवस सुट्टीच्या आनंदात भराभर निघून जातात. रद्द करण्याची सूचना तोंडी न देता लेखी द्यावी आणि पोहोच जपून ठेवावी. "ही किंमत फक्त आजच" असे म्हणणारा माणूस आपल्याला नेमका घरी जाऊन करार वाचण्याचा वेळ नाकारत असतो.

शेवटी मुदतीचा मुद्दा, ज्याने माझ्या पुतण्याला अडचणीत टाकले. काही करारांना निश्चित अंत असतो. १९९१ मध्ये सुरू झालेल्या डिस्ने व्हेकेशन क्लब या डिस्ने कंपनीच्या टाइमशेअर योजनेतील पहिल्या रिसॉर्टचे हक्क मूळ करारानुसार २०४२ मध्ये संपतात. काही करार मात्र कायमचे असतात. स्पेनने १९९८ च्या कायद्याने अशा हक्कांना पन्नास वर्षांची कमाल मर्यादा घातली आणि त्यानंतर झालेले अमर्याद मुदतीचे करार तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अवैध ठरवले. सगळीकडे असे संरक्षण नाही. "पुढच्या पिढीला वारसा" म्हणून जे विकले जाते ते पुढच्या पिढीच्या गळ्यातील लोढणेही असू शकते. वारसाने ते स्वीकारलेच पाहिजे असे बहुतेक ठिकाणी नसते, पण नकार मुदतीत आणि लेखी द्यावा लागतो, आणि मध्यंतरी एकदा जरी त्या हक्काचा वापर केला तरी तो नकार अडचणीत येऊ शकतो. म्हणून पुतण्याने "यंदा एकदा जाऊन येतो, बाबांनी पैसे भरलेच आहेत" असे म्हटले तेव्हा मी त्याला थांबवले आणि आधी वकिलाकडे पाठवले. सभासदत्व परत करण्याच्या अर्जाला कंपनीचे उत्तर आले आहे: मागील शुल्क पूर्ण भरा, प्रक्रियेचा खर्च भरा, त्यानंतर विचार करू.

आपणाकडे माझी एकच विनंती आहे. टाइमशेअरची जाहिरात छापताना पहिल्या वर्षीचे देखभाल शुल्क आणि मागील दहा वर्षांतील त्याची वाढ, हे दोन आकडे किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरांत देण्याची अट आपण जाहिरातदारांना घालावी. त्यापायी एखादी पानभर जाहिरात हातची गेली, तर त्या पानावर वाचकांनी पाठवलेली अशी हिशेबाची पत्रे छापता येतील.

आपली नम्र,
एक निवृत्त लेखापरीक्षक